विलिस जीपचे ब्रेक सुधारण्याचा क्रम

१९४१ ते १९४५ या काळात विलिस एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या जुळ्या लष्करी नमुन्यांच्या मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार झाल्या. त्यांतील ज्या आजही रस्त्यावर धावतात, त्यांच्या मालकांची नेहमीची तक्रार ब्रेकची असते. चारही चाकांना ९ इंची ड्रम, पावणेदोन इंच रुंदीचे लायनर (ड्रमला आतून घासणारे घर्षणाचे पट्टे), चालकाच्या पायाखाली चासीला बसवलेला मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल दाबणारा मुख्य सिलिंडर) आणि त्यातून चारही चाकांना जाणारे तेलाच्या नळ्यांचे एकच सर्किट, अशी मूळ रचना आहे. सुमारे अकराशे किलो वजनाच्या आणि बहुतेक वेळ कच्च्या वाटेवर हळू चालणाऱ्या गाडीला ती पुरेशी होती. त्याच गाडीने डांबरी रस्त्यावर इतर वाहनांच्या बरोबरीने जायचे ठरवले की तिची मर्यादा दिसू लागते, कारण वेग ताशी ५० वरून ८० किलोमीटरवर गेला की ब्रेकने जिरवायची ऊर्जा अडीच पटींहून अधिक होते आणि तेवढी उष्णता पुन्हा पुन्हा पोटात घेणे ९ इंची ड्रमला जमत नाही.

अशा वेळी बहुतेक मालक थेट डिस्क ब्रेकच्या किटकडे वळतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी मूळ ब्रेक पूर्ण तंदुरुस्त करावेत, नंतर एकेरी सर्किटचे दुहेरी सर्किट करावे, त्यानंतर गरज वाटली तर ११ इंची ड्रम बसवावेत, आणि डिस्कचा विचार सर्वांत शेवटी करावा. या क्रमामागचे एक कारण टायरमध्ये आहे. ६.०० बाय १६ मापाच्या, जाड खाचांच्या अरुंद लष्करी टायरची डांबरावरची पकड मुळातच बेताची असते. नीट जुळवलेले ९ इंची ड्रम कमी वेगात चारही चाके सहज जाम करू शकतात आणि एकदा चाक जाम झाले की त्यापुढे ब्रेक कितीही मोठा असला तरी गाडी लवकर थांबत नाही. मोठ्या ब्रेकचा खरा लाभ दोन बाबतींत होतो: पायाला कमी जोर लावावा लागतो, आणि लांब उतारावर ब्रेक तापून ढिले पडत नाहीत. मात्र तुमच्या जीपची चाके थंड ब्रेकवर, कोरड्या रस्त्यावर, पूर्ण जोर देऊनही जाम होत नसतील, तर दोष रचनेचा नसून झिजेचा, तेलाचा किंवा जुळवणीचा आहे असे समजावे.

काम सुरू करण्यापूर्वी

या जीपचा हँडब्रेक चाकांवर नाही. तो ट्रान्सफर केसच्या (इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागच्या तोंडाशी, प्रोपेलर शाफ्टवर लागतो. त्यामुळे मागचे एकच चाक जॅकवर उचलले तर हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकू शकते, कारण डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची जोडणी) उचललेल्या चाकाला उलटे फिरू देते आणि जमिनीवरचे चाक मोकळे होते. मागचा शाफ्ट सोडला असेल तर हँडब्रेक असून नसल्यासारखाच. म्हणून जी चाके जमिनीवर राहणार आहेत त्यांना दोन्ही बाजूंनी लाकडी अडण्या लावाव्यात, गाडी जॅकवर न ठेवता अ‍ॅक्सलखाली पक्के स्टँड द्यावेत, आणि ती हलवून पाहिल्याशिवाय खाली शिरू नये.

दुसरी गोष्ट आट्यांची. मूळ जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे स्टड आणि नट उलट्या आट्यांचे असतात. हे माहीत नसलेला माणूस लांब पान्याला पाइप लावून नट सोडवायला जातो, प्रत्यक्षात तो आवळत राहतो आणि शेवटी स्टड मोडतो. गाडीत पूर्वी कोणी हब बदलले असतील तर आटे सरळही निघू शकतात, म्हणून प्रत्येक चाकाच्या स्टडचे टोक पाहूनच पाना लावावा.

तिसरी गोष्ट धुळीची. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चालावे. ड्रम काढल्यावर आतली धूळ हवेच्या नळीने उडवू नये आणि कोरड्या ब्रशने झाडूही नये. साबणाचे पाणी किंवा ब्रेक साफ करण्याचा फवारा मारून ती ओली करावी, फडक्याने पुसून घ्यावी, फडके पिशवीत बांधून टाकावे, आणि हे सर्व करताना बारीक कण अडवणारा मास्क तोंडावर ठेवावा.

मूळ ब्रेक उघडून पाहणे

एमबीच्या मूळ ड्रमची जोडणी अशी आहे की तो हबच्या मागच्या बाजूला असतो आणि चाकाचे स्टड ठोकून, फुलवून त्यातच पक्के केलेले असतात. त्यामुळे शू (लायनर बसवलेले, ड्रमवर आतून दाबले जाणारे वक्र पट्टे) पाहायचे तरी हब आणि ड्रम एकत्रच काढावे लागतात. ड्राइव्ह फ्लँजचे सहा बोल्ट सोडून, आतल्या दोन मोठ्या नटांमधील वॉशरची दुमडलेली कड सरळ करून नट काढले की हब बेअरिंगसह बाहेर येते. परत बसवताना हब फिरवत राहून आतला नट ते अडखळेपर्यंत आवळावा, नंतर सुमारे एकषष्ठांश फेरा मागे घ्यावा, आणि मग लॉक वॉशरची कड दुमडावी. ब्रेकच्या कामात बेअरिंगचे हे वर्णन अवांतर वाटेल, पण ढिल्या बेअरिंगवर ड्रम डुलत राहतो आणि तो डुलतो तोवर शूची जुळवणी टिकत नाही.

ड्रम बाहेर आल्यावर आधी ओल शोधावी. व्हील सिलिंडरच्या (चाकातल्या, शू दाबणाऱ्या छोट्या सिलिंडरच्या) रबरी टोपीखाली ब्रेक ऑइल निघाले तर सिलिंडर गेला आहे. काळपट, दाट वासाचे तेल दिसले तर ते गिअर ऑइल आहे: पुढच्या बाजूला ते स्टिअरिंगच्या बंद गोळ्यामधून, आणि मागच्या बाजूला अ‍ॅक्सलच्या नळीतून सील ओलांडून येते. तेल प्यालेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा तापवून पुन्हा वापरण्याची जुनी सवय सोडून द्यावी. आत मुरलेले तेल गरम होताच वर येते आणि गाडी एका बाजूला ओढू लागते. सील बदलल्याशिवाय नवे लायनर बसवणे म्हणजे तेच काम महिन्याभरात पुन्हा करणे होय. अ‍ॅक्सलच्या हाउसिंगवरचा हवा सोडणारा छोटा व्हेंट चिखलाने बुजला असेल तर आतला दाब वाढून नवे सीलही गळते, म्हणून तोही मोकळा करून घ्यावा.

ड्रमचा व्यास दोन-तीन ठिकाणी, आडवा आणि उभा, मोजावा. अंडाकृती झालेला ड्रम पेडलला ठोके देतो. थोडे खरडून तो गोल करता येतो, परंतु प्रत्येक खरडीबरोबर उष्णता साठवणारे लोखंड कमी होते आणि ड्रमची वक्रता लायनरच्या वक्रतेपासून दूर जाते. या दुसऱ्या परिणामाकडे फार कमी लोक लक्ष देतात. खरडलेल्या ड्रममध्ये मूळ मापाचा नवा शू ठेवला तर तो मधल्या भागातच टेकतो आणि दोन्ही टोके अधांतरी राहतात. लायनरवर खडू घासून ड्रममध्ये हाताने फिरवावे. खडू फक्त मध्यभागी पुसला गेला तर त्या ड्रमच्या मापाने लायनर घासून घ्यावे लागतील. ‘नवे लायनर टाकले तरी ब्रेक लागत नाही’ या तक्रारीचे मूळ अनेकदा इथेच असते. ड्रमला आरपार चीर दिसली किंवा तो नियमपुस्तकातील मर्यादेपलीकडे झिजला असेल तर त्याला निरोप द्यावा.

या रचनेत दोन्ही शू खाली स्वतंत्र पिनांवर टेकलेले असतात. पुढच्या दिशेचा शू ड्रमच्या फिरण्याबरोबर स्वतःहून अधिक दाबला जातो, मागचा शू मागे रेटला जातो. म्हणून ज्या शूवर लांब लायनर आहे तो गाडीच्या पुढच्या दिशेला बसवतात. पूर्वीच्या कारागिराने हे उलटे केलेले आढळते, आणि केवळ अदलाबदल केल्याने पेडलमध्ये जाणवण्यासारखा फरक पडतो.

जुळवणी दोन ठिकाणी होते. खालच्या पिना विकेंद्री असतात, त्या फिरवल्या की शूची टाच आत-बाहेर होते. वरच्या बाजूला विकेंद्री कॅम असतात, ते शूचे डोके सरकवतात. ड्रममधील तपासणीच्या फटीतून फीलर गेज (बारीक अंतर मोजायची पातळ पाती) घालून टाचेशी ०.००५ इंच आणि डोक्याशी ०.००८ इंच अंतर ठेवावे. नवे शू बसवल्यानंतर खालच्या पिना जुळवणे अनिवार्य आहे. नंतरच्या नित्याच्या झिजेसाठी फक्त वरचे कॅम पुरतात. ड्रम बदललेला असून त्याला फट नसेल तर चाक फिरवत कॅम शू घासेपर्यंत न्यावा आणि चाक जेमतेम मोकळे होईल इतका मागे आणावा.

पेडलला सुमारे अर्धा इंच मोकळी चाल असलीच पाहिजे. ती नसेल तर मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही, तेल टाकीत परत जाण्याचे बारीक छिद्र झाकलेले राहते, आणि गाडी चालता चालता तेल तापून फुगले की ब्रेक आपोआप धरू लागतात. दोन-चार किलोमीटरवर जीप जड होते, थंड झाल्यावर पुन्हा मोकळी चालते, ही या चुकीची खूण आहे.

दुहेरी सर्किट

एवढे झाल्यावर जीप चांगली थांबू लागेल. पण एका नळीला भोक पडले, एक होज फुटला किंवा एक व्हील सिलिंडर निसटला, तर चारही चाकांचे ब्रेक एकाच क्षणी जातात. माझ्या जीपचा मागचा होज बाहेरून अगदी धडधाकट दिसत होता आणि तो अंगणातच, गाडी उभी असताना, पेडल दाबल्यावर फुटला. पेडल ज्या सहजतेने पाटापर्यंत गेले, ती सहजता उतारावर अनुभवास आली असती तर काय झाले असते हा विचार अजून पाठ सोडत नाही. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून नव्या मोटारींना विभागलेले सर्किट सक्तीचे झाले. माझ्या मते या जीपवर करता येणारी सर्वांत मोलाची सुधारणा हीच आहे, आणि ती बाहेरून पाहणाऱ्याला दिसतही नाही.

मूळ सिलिंडरच्या जागी दोन कप्प्यांचा सिलिंडर बसवण्यासाठी आडवी प्लेट असलेला ब्रॅकेट लागतो. तो तयार मिळतो किंवा जाड पोलादी पट्टीचा करून घेता येतो. स्वतः करणाऱ्याने एक ध्यानात ठेवावे की पेडलवरचा जोर तरफेमुळे कित्येक पट होऊन या ब्रॅकेटवर येतो. तो वाकला तर तेवढी पेडलची चाल वाया जाते. म्हणून दुसऱ्याला पेडल जोरात दाबायला सांगून आपण खालून ब्रॅकेट हलतो का ते पाहावे. पुशरॉड पिस्टनच्या सरळ रेषेत असावा, तिरका टेकत असेल तर सिलिंडरची भिंत एका बाजूने खरवडली जाते. पेडल मोकळे असताना रॉड आणि पिस्टन यांच्यात मिलिमीटर-दोन मिलिमीटर अंतर राहील अशी लांबी ठेवावी.

सिलिंडरचा व्यास निवडताना थोडा हिशेब करावा. समजा पेडलची तरफ सहास एक आहे आणि पायाचा जोर ५० किलो आहे. पिस्टनवर ३०० किलो येतील. १ इंच व्यासाच्या पिस्टनचे क्षेत्रफळ ५.०७ चौरस सेंटिमीटर असते, म्हणजे तेलात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५९ किलो दाब निर्माण होईल. पाऊण इंचापेक्षा थोडा मोठा, सात-अष्टमांश इंचाचा पिस्टन घेतला तर तोच दाब ७७ किलोपर्यंत जाईल. हा फायदा फुकटचा नाही: लहान पिस्टन दर चालीला कमी तेल ढकलतो, त्यामुळे पेडल अधिक खाली जाते. चारही चाकांना ड्रम असतील तर मूळचाच १ इंच व्यास ठेवणे शहाणपणाचे ठरते.

पायाखालच्या मास्टर सिलिंडरची आणखी एक गोष्ट आहे. तो चाकांच्या सिलिंडरच्या पातळीला किंवा त्याहून खाली असतो, आणि पेडल सोडल्यावर नळ्यांमधला दाब पूर्ण नाहीसा झाला तर व्हील सिलिंडरच्या वाट्या सैल पडून हवा आत शिरू शकते. म्हणून ड्रमच्या सर्किटमध्ये सुमारे १० पीएसआय (दर चौरस इंचाला १० पौंड) दाब राखून ठेवणारा झडप असतो. नव्या सिलिंडरमध्ये तो आतच बसवलेला आहे का, हे घेतानाच विचारावे. नसेल तर प्रत्येक सर्किटमध्ये वेगळा लावावा. असेल तर बाहेरून दुसरा लावू नये.

ब्रेक दिव्याचा मूळ स्विच तेलाच्या दाबावर चालतो आणि मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी असतो. दुहेरी सर्किटमध्ये तो एकाच कप्प्याला जोडला आणि नेमका तोच कप्पा निकामी झाला तर मागचा दिवाही लागणार नाही. पेडलच्या दांड्यावर यांत्रिक स्विच लावला की हा प्रश्न मिटतो, आणि गाडीची वायरिंग ६ व्होल्टची असली तरी त्याने काही बिघडत नाही.

सर्किट पुढची दोन चाके आणि मागची दोन चाके असे विभागावे. सर्व जोडून हवा काढून झाल्यावर एक परीक्षा अवश्य घ्यावी, जी मी अनेक चांगल्या कारागिरांनाही टाळताना पाहिले आहे. गाडी सपाट जागी उभी असताना, चाकांना अडण्या लावून, मागच्या चाकाचा ब्लीड निपल (हवा सोडण्याचा पोकळ स्क्रू) नळी लावून उघडा ठेवावा आणि पेडल दाबावे. पेडल नेहमीपेक्षा बरेच खाली जाईल, परंतु पाटाला टेकण्यापूर्वी पुढचे ब्रेक घट्ट लागले पाहिजेत. तसेच पुढचा निपल उघडून मागचे ब्रेक तपासावेत. पेडल आधी पाटाला टेकत असेल तर तुमचे दुहेरी सर्किट नावापुरते आहे. पुशरॉडची लांबी, शूचे अंतर किंवा पेडलचा कोन यांपैकी काहीतरी सुधारावे लागेल.

नळ्या, होज आणि तेल

सर्किट बदलताना जुन्या पोलादी नळ्या ठेवण्यात अर्थ नाही. पोलादी किंवा तांबे-निकेल मिश्रधातूच्या नळ्या वापराव्यात; दुसरी नळी हाताने सहज वाकते आणि गंजत नाही. वातानुकूलन यंत्रासाठी वापरली जाणारी नुसत्या तांब्याची नळी मुळीच नको, कारण कंपनाने ती कडक होऊन चिरते. नळीच्या टोकाला दुहेरी फ्लेअर (फुलवून दुमडलेली कड) हवा. एकेरी फ्लेअर फाटतो, आणि दोन नळ्या नटाने दाबून जोडण्याची प्लंबिंगची पद्धत ब्रेकला चालत नाही. नळी दर हातभर अंतरावर चासीला क्लिपने बांधावी आणि एक्झॉस्टपासून दूर न्यावी. या जीपला लवचिक होज असतात, पुढे आणि मागे अ‍ॅक्सलवर. ते सर्व एकाच वेळी बदलावेत आणि पुढची चाके दोन्हीकडे पूर्ण वळवून व अ‍ॅक्सल खाली लोंबता ठेवून ते ताणले किंवा घासले जात नाहीत ना, ते पाहावे.

तेलाच्या निवडीत वाद फार आहेत. डॉट ३ आणि डॉट ४ (अमेरिकी मानकाचे वर्ग) ही ग्लायकोलवर आधारित तेले हवेतील ओलावा शोषतात. डॉट ३ चा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. डॉट ५ हे सिलिकोनचे तेल आहे. ते पाणी शोषत नाही आणि रंग खराब करत नाही, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या संग्रहातील गाड्यांना ते सोयीचे पडते आणि अमेरिकन लष्करानेही पुढे ते स्वीकारले. मात्र त्यात हवेचे बुडबुडे अडकून राहतात, म्हणून ते बाटली न हलवता हळू ओतावे लागते. ग्लायकोलमध्ये सिलिकोन मिसळता येत नाही. बदलायचे असेल तर नळ्या, सिलिंडर आणि सर्व रबर एकदम नवे असतानाच बदलावे. डॉट ५.१ नावाने जवळचे असले तरी ते ग्लायकोलचेच तेल आहे. गाडी नियमित चालत असेल तर डॉट ४ घालून दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदलणे मला अधिक पसंत आहे.

११ इंची ड्रम

१९७० च्या दशकातील सीजे या नागरी मालिकेतील जीपला आलेले ११ बाय २ इंची ड्रम ब्रेक या गाडीच्या सहा बोल्टच्या फ्लँजवर बसवण्याची प्रथा जुनी आहे. बॅकिंग प्लेटपासून (शू ज्यावर बसतात त्या मागच्या ताटलीपासून) ड्रमपर्यंत सर्व भाग एकाच संचातील घ्यावेत. त्यांचा ड्रम हबवर बाहेरून चढतो, त्यामुळे पुढे शू पाहण्यासाठी बेअरिंग उघडावे लागत नाही, हा मोठा लाभ आहे. परंतु त्यासाठी हबच्या मागचा मूळ ड्रम सोडवावा लागतो. फुलवलेले स्टड नुसते प्रेसखाली ढकलले तर हबची भोके मोठी होतात किंवा फ्लँज वाकते. आधी फुलवलेला भाग कापून काढावा आणि मगच स्टड दाबावेत. नवे स्टड ड्रमच्या जाडीइतके लांब हवेत, आणि ड्रमचे मधले भोक हबच्या खांद्यावर बरोबर बसले पाहिजे, कारण ड्रम नटांच्या नव्हे तर त्या खांद्याच्या आधाराने मध्यात येतो. मूळ १६ इंची रिम चढवून चाक हाताने पूर्ण फिरवून पाहावे.

इथे शूचा नियम उलटतो. या ब्रेकमध्ये दोन्ही शू खाली तारा-चाकाच्या अ‍ॅडजस्टरने जोडलेले असतात. पुढचा शू ड्रमबरोबर ओढला जाऊन मागच्या शूला ढकलतो आणि मुख्य काम मागचा शू करतो. म्हणून लांब लायनरचा शू मागे येतो. ९ इंचीची सवय असलेला हात हमखास चुकतो. अ‍ॅडजस्टर डाव्या आणि उजव्या बाजूचे वेगळे असतात. त्यांची अदलाबदल झाली तर ते शू जवळ आणण्याऐवजी दूर नेतात.

सर्वांत नाजूक प्रश्न पुढच्या-मागच्या समतोलाचा आहे. मूळ गाडीत पुढचे व्हील सिलिंडर १ इंचाचे आणि मागचे पाऊण इंचाचे आहेत, म्हणजे एकाच दाबाला पुढच्या शूवर मागच्यापेक्षा पावणेदोन पटींहून अधिक जोर येतो. हे उगाच नाही. जीपचा व्हीलबेस फक्त ८० इंच आहे. गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर धरला आणि गाडी गुरुत्वाकर्षणाच्या ०.६ पट मंदनाने थांबवली, तर एकूण वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर सरकतो. मागची चाके त्या क्षणी हलकी होतात. चारही ठिकाणी पुढच्या मापाचेच ब्रेक बसवले तर मागची चाके आधी जाम होतील आणि एवढ्या आखूड गाडीचा मागचा भाग पुढे यायला वेळ लागत नाही. म्हणून मागे लहान व्हील सिलिंडर ठेवावेत, किंवा मागे ९ इंची ड्रमच राहू देऊन फक्त पुढे ११ इंची बसवावेत. अनेक गाड्यांना हा दुसरा पर्याय पुरेसा होतो.

डिस्कविषयी थोडेसे

डिस्क पाण्यातून बाहेर पडताच कोरडी होते, तापल्यावर कमी ढिली पडते आणि तिला जुळवणी लागत नाही. पण ड्रमप्रमाणे ती स्वतःला आवळत नाही, म्हणून तिला तेलाचा दाब अधिक लागतो. पायाखालच्या अडचणीत व्हॅक्यूम बूस्टरला (इंजिनाच्या शोषणाने पायाचा जोर वाढवणाऱ्या यंत्राला) जागा काढणे त्रासाचे असते. बूस्टरशिवाय लहान व्यासाचा सिलिंडर घ्यावा लागतो आणि पेडलची चाल वाढते. डिस्कच्या सर्किटमधील झडप २ पीएसआयचा हवा; १० पीएसआयचा राहिला तर पॅड सतत घासत राहतील. मागे ड्रम ठेवले तर त्यांचा दाब कमी करणारा जुळवता येणारा झडपही लागतो. आणि चाकातून कॅलिपर (डिस्कवर पॅड आवळणारा भाग) दिसू लागला की गाडीचे मूळ रूप बदलते. तरीही हा मार्ग घ्यायचा असेल तर काहीही न कापता, न वेल्ड करता, सर्व बोल्टवर बसेल असेच किट घ्यावे आणि मूळ भाग तेल लावून, चिठ्ठ्या बांधून जपून ठेवावेत.

हवा काढणे आणि परीक्षा

नवा दुहेरी सिलिंडर गाडीवर चढवण्यापूर्वी शिकंजात आडवा धरून, त्याच्या तोंडांना लावलेल्या नळ्या टाकीतच बुडवून, पिस्टन हळू दाबत त्यातली हवा काढावी. हे टाळले तर गाडीवर तासभर पेडल मारूनही ते मऊच लागते. गाडीवर आल्यावर सिलिंडरचे पुढचे टोक वर झुकलेले असेल तर तिथे बुडबुडा अडकतो. गाडीचा तेवढा भाग उचलून तो सपाट करावा. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूर असलेल्या मागच्या चाकाने करावी आणि जवळच्या चाकाकडे यावे. पेडल सावकाश दाबावे, निपल बंद झाल्याशिवाय सोडू नये, आणि टाकी कधीही रिकामी होऊ देऊ नये. निघालेले तेल परत ओतू नये.

पहिली धाव मोकळ्या, सपाट जागी, ताशी १० किलोमीटरने घ्यावी. गाडी सरळ थांबते आहे हे पटल्यावरच वेग वाढवावा. मग ताशी ५० वरून १५ पर्यंत मध्यम जोराने वीस-पंचवीस वेळा वेग उतरवावा, दोन वेळांमध्ये ब्रेकला थंड होऊ द्यावे, आणि पूर्ण थांबून पेडल दाबून धरू नये. यानंतर चारही ड्रमजवळ हात नेऊन उष्णतेचा अंदाज घ्यावा: एकच ड्रम इतरांपेक्षा फार गरम असेल तर तिथे शू घासतो आहे, एकच थंड असेल तर तो सिलिंडर काम करत नाही. शे-दोनशे किलोमीटरनंतर ९ इंचीचे वरचे कॅम पुन्हा जुळवावेत आणि सर्व जोडांना कोरडे फडके लावून ओल तपासावी.

शेवटी, चढ-उताराच्या वाटेवर मोठ्या ब्रेकच्या भरवशावर गिअर विसरू नये. या जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये १.९७ पटीचा लो रेंज आहे आणि तीव्र उतार त्यात पहिल्या गिअरने उतरायचा असतो. ओढा पार केल्यावर ड्रममध्ये पाणी असते, तेव्हा पहिले काही शे मीटर डाव्या पायाने पेडल अलगद दाबून लायनर वाळवावेत. चारही चाके सारखी धरू लागली आणि गाडी एका बाजूला ओढेनाशी झाली की मगच पुढचा उतार घ्यावा.